कॅसेटी ‘डिजिटल करून देणाऱ्या’ने १३,००० ला बुडवलं

बँकेत बत्तीस वर्षं हिशेब तपासले आणि घरचा साधा गुणाकार करायचा राहिला. हसा खुशाल.

४२ कॅसेटी, १८ एलपी (गाण्यांच्या मोठ्या तबकड्या). कॅसेटला १५०, एलपीला २५०, म्हणजे १०,८००. वर ‘खरखर काढायचे’ २,२००. सगळे यूपीआयने. पावती मागितली तर म्हणे, “काका, एवढा अविश्वास?” आणि मीच ओशाळलो. पावती घ्याच, ओशाळलात तरी.

शनिवारी संध्याकाळी सहाला पिशव्या दिल्या, सोमवारी दुपारी दोनला पेन ड्राइव्ह हातात. मूळ माल ‘नंतर घरपोच’. इथेच डोकं चालायला हवं होतं! कॅसेट जेवढी वाजते तेवढाच वेळ उतरवायला लागतो. नव्वद मिनिटांच्या ४२ म्हणजे ६३ तास, एलपी वेगळ्याच. मधे तास होते ४४, आणि त्याच्या टेबलावर कॅसेट वाजवायचा डेक एकच, मी डोळ्यांनी पाहिलेला. मी काय म्हणालो? “वा, फास्ट आहात!”

बावळट नाही हो मी. आमच्या डेकचा बेल्ट कुठे मिळेना, आणि त्याने एक कॅसेट माझ्यासमोर लावून कॉम्प्युटरवर आवाजाच्या लाटा दाखवल्या होत्या. तुम्हीही भुलला असता.

घरी नाट्यगीतं लावली. सुईची एक टिचकी नाही, आम्ही खूश! नेटवरून उतरवलेल्या गाण्यांत खरखर येणार कुठून? म्हणून सांगतो, खरखर राहू द्या म्हणा. घरगुती कॅसेटी मात्र नेटवर नसतात. ‘आजी ओव्या १९८४’ उघडली तर कुठल्याशा मंडळाचं भजन. फोन केला तर आज देतो, उद्या देतो. मग फोन बंद, गाळ्याला कुलूप. एलपी विकल्या असणार. आजीची कॅसेट कोण घेणार, ती कचऱ्यातच. एकच कॅसेट आधी द्या, ती परत आल्याशिवाय दुसरी नाही. उरलेले पैसे मूळ माल हातात पडल्यावर.

बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. चौकीत म्हणाले, गाळा आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या चौकीत साहेब नाहीत, जेवायला गेलेत, बंदोबस्ताला गेलेत. चौथ्या खेपेला एकाने विचारलं, “काका, अडगळच गेली ना घरातली?” ओव्यांचं सांगितलं तर म्हणाला, त्याची किंमत किती लावू? शेवटी नुसता अर्ज घेतला, तोही त्याच्याच शब्दांत: ‘जुने घरगुती सामान, नग ६०, अंदाजे किंमत रु. १,२००.’