प्रॉक्सी की इंटरसेप्टर? बाहेर जाणाऱ्या एपीआय रिक्वेस्ट टिपायच्या कुठे

समोरचं एपीआय ४०० (‘रिक्वेस्ट चुकीची आहे’) देतंय आणि आपण नेमकं काय पाठवलं तेच दिसत नाही. अशा वेळी ॲप आणि सर्व्हर यांच्यामध्ये मिटमप्रॉक्सीसारखी प्रॉक्सी, म्हणजे येणारं-जाणारं सगळं दाखवणारा वेगळा प्रोग्रॅम, बसवायची, नाहीतर आपल्या कोडमधल्या एचटीटीपी क्लायंटलाच लॉगिंग इंटरसेप्टर, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट-रिस्पॉन्स टिपणारा कोडचा तुकडा, लावायचा.

प्रॉक्सीत कोडला हात लागत नाही. हेडर अगदी शेवटच्या रूपात दिसतात, शिवाय तीच रिक्वेस्ट थोडी बदलून पुन्हा मारता येते. इथवर प्रॉक्सीच सरस.

घोडं अडतं सर्टिफिकेटपाशी. एचटीटीपीएस उलगडायचं तर प्रॉक्सीचं रूट सर्टिफिकेट ॲपला मान्य हवं, आणि ते ऑपरेटिंग सिस्टिममध्ये टाकून बहुधा भागत नाही. जावा सहसा स्वतःचं ट्रस्टस्टोअर (मान्य सर्टिफिकेटांची फाइल) बघतं, पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी सर्टिफाय पॅकेजमधली यादी धरते, नोडला फाइल सहसा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून दाखवतात. अँड्रॉइड ७ पासून तर युजरने टाकलेलं सर्टिफिकेट ॲप आपणहून मानत नाही; नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये तशी सूट द्यावी लागते. कंटेनरची इमेज नव्याने बांधली की पुन्हा श्रीगणेशा. मग वैतागून कुणीतरी सर्टिफिकेटचं व्हेरिफिकेशनच बंद करतं आणि ती ओळ कमिटमध्ये जाते. हा धोका मला लॉगिंगच्या फायद्यापेक्षा मोठा वाटतो.

इंटरसेप्टरला हे काहीच लागत नाही, पण तो कुठे लावला याला महत्त्व आहे. ओके-एचटीटीपी या जावा-अँड्रॉइडच्या एचटीटीपी क्लायंटमध्ये ॲप्लिकेशन इंटरसेप्टर म्हणून लावला तर मधले रिडायरेक्ट दिसत नाहीत. ते हवे असतील तर नेटवर्क इंटरसेप्टर करा. रोजच्यासाठी त्याच्या लॉगिंगची बेसिक पातळी पुरते: मेथड, यूआरएल, स्टेटस, लागलेला वेळ. बॉडी पातळी अडलं तरच, कारण ती अख्खा रिस्पॉन्स मेमरीत ओढते. मोठ्या डाउनलोडला ते झेपत नाही. ऑथोरायझेशन आणि कुकी हेडर पहिल्याच दिवशी झाका. इंटरसेप्टर हाताने लिहिणार असाल तर बॉडीची प्रत वाचा. मूळ स्ट्रीम वाचून संपवलीत की पुढच्या पार्सरच्या हाती रिकामी बॉडी पडते.

माझ्या अनुभवात खरा फरक पडतो तो रिक्वेस्ट आयडीमुळे, म्हणजे आपल्याकडे आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टला दिलेल्या वेगळ्या क्रमांकामुळे. ‘पोस्ट /ऑर्डर्स, ४२२, ३१२ मिलिसेकंद’ या ओळीत तो जोडला की आपल्याच लॉगमध्ये ही बाहेरची हाक आपल्याकडच्या कुठल्या रिक्वेस्टमुळे गेली ते कळतं. प्रॉक्सीला ते ठाऊक नसतं.

बंद एसडीके (ज्याचा कोड आपल्याला बदलता येत नाही अशी दुसऱ्याची लायब्ररी) आतून काय पाठवतं हे बघायचं असेल तर मात्र प्रॉक्सीच लावा, आणि त्या एसडीकेत पिनिंग, म्हणजे ठरावीक सर्टिफिकेटच मानायची सक्ती, नाही ना, हे आधी तपासा.