एनएचएसचा जीपी: नोंदणीला पैकीच्या पैकी, अपॉइंटमेंटला काठावर पास

इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, त्वचा किंवा हृदयाच्या तज्ज्ञाकडे सहसा थेट जाता येत नाही. आधी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. घसा धरला की ईएनटीवाला गाठणाऱ्या पुणेकर-मुंबईकरांना हे जाचक वाटतं. पण 1948 पासून सगळा डोलारा याच दारावर उभा आहे. जीपीच्या दवाखान्याला पैसे मुख्यतः नाव नोंदवलेल्या माणसांमागे मिळतात, तपासण्यांमागे नाही. त्यामुळे उगाच एमआरआय कुणी लिहून देत नाही. साध्या सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिकही नाही, कितीही मागा.

नोंदणी ऑनलाइन होते आणि फुकट. पत्त्याचा पुरावा रिसेप्शनवर मागतात, पण तो नाही एवढ्यावरून नाकारता येत नाही. पत्ता मात्र सहसा त्या दवाखान्याच्या हद्दीतला हवा. आजारी पडायची वाट न बघता पोहोचल्याच आठवड्यात नाव घाला. भारतातल्या औषधांची यादी मूळ नावांनी न्या: ‘थायरोनॉर्म’ तिथे कुणाला कळत नाही, ‘लेव्होथायरॉक्सिन 50 मायक्रोग्रॅम’ लगेच कळतं.

रडगाणं आहे ते अपॉइंटमेंटचं. सकाळी आठला फोनवर झुंबड उडते. त्यापेक्षा ऑनलाइन फॉर्म बरा. त्यावरूनच तुमची निकड ठरते, म्हणून ‘पोट दुखतंय’ एवढ्यावर भागवू नका. कुठे, किती दिवस, कशाने वाढतं, कुठल्या गोळ्या घेऊन झाल्या, सगळं लिहा. भेट साधारण 10 मिनिटांची. तीन तक्रारी नेल्या तर एकीचीही धड तपासणी होत नाही.

सगळ्यात मोठी खोट म्हणजे दर वेळी नवा डॉक्टर. फॅमिली डॉक्टरचा उपयोगच तो तुम्हाला ओळखतो म्हणून. नुसती स्क्रीन वाचणारा काय ओळखणार? बीपी, मधुमेह असे कायमचे दुखणे असेल तर नाव घेऊन तोच डॉक्टर मागा, दोन आठवडे थांबावं लागलं तरी चालेल.

औषधांना इंग्लंडमध्ये दर औषधामागे 9.90 पौंड (2025 चा दर). स्कॉटलंड, वेल्समध्ये फुकट. वर्षात 12 किंवा जास्त वेळा हा आकार भरावा लागणार असेल, तर 114.50 पौंडांचा वार्षिक पास स्वस्त पडतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा थायरॉइड कमी म्हणून औषध चालू असेल, तर तेही नको: एफपी92ए फॉर्म भरला की सगळीच औषधं माफ. हा फॉर्म दवाखान्यातच मिळतो, पण मागावा लागतो.