सॉनिक व्हिज्युअलायझर आणि ऑडॅसिटी : गायनाच्या वर्गातील चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी सांगलीत गेली १९ वर्षे हिंदुस्थानी कंठसंगीत शिकवते. सध्या माझ्याकडे २३ विद्यार्थी असून त्यांपैकी सहा जण ऑनलाइन शिकतात. चौदा महिन्यांपूर्वी मी वर्गात दोन मोफत सॉफ्टवेअर नियमितपणे वापरायला सुरुवात केली. ध्वनिमुद्रण आणि त्यावरील काटछाट यांसाठी ऑडॅसिटी, आणि गायलेला स्वर आलेखाच्या रूपात पाहण्यासाठी सॉनिक व्हिज्युअलायझर. पहिले २००० सालापासून उपलब्ध आहे आणि जगभर वापरले जाते. दुसरे लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी संगीताच्या अभ्यासासाठीच तयार केले. ही दोन्ही संगणकावर चालतात. सॉनिक व्हिज्युअलायझर फोनवर चालत नाही, म्हणून लॅपटॉप नसलेल्या शिक्षकांना त्याचा उपयोग होणार नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

आलेख काढायचा असेल तर ध्वनिमुद्रण कसे करायचे, हे शिकण्यातच माझे पहिले दोन महिने गेले. स्वर ओळखणारी बहुतेक सॉफ्टवेअर एका वेळी एकच सुरावट येणार असे गृहीत धरतात. आपल्याकडे गाण्यामागे तंबोरा अखंड वाजत असतो, त्यामुळे गायक थांबला की आलेख तंबोऱ्याचा षड्ज दाखवू लागतो आणि खर्जात गाताना तर एकदम एक सप्तक वर उडी मारतो. यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. विद्यार्थ्याच्या एका कानात इअरफोनमधून तंबोरा द्यायचा, दुसरा कान स्वतःच्या आवाजासाठी मोकळा ठेवायचा आणि माइकवर फक्त गळा घ्यायचा. माइक तोंडापासून हातभर अंतरावर आणि किंचित बाजूला असावा. फोनवरून मुद्रण करायचे असल्यास आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची आणि गोंगाट काढून टाकण्याची सोय आधी बंद करावी. ती चालू राहिली तर आलापाचा शेवट, जिथे स्वर हळूहळू विरत जातो, नेमका तोच भाग कापला जातो आणि वर्गात ऐकण्यासारखे जे असते ते तिथेच असते.

मुद्रण स्वच्छ झाले की सॉनिक व्हिज्युअलायझरमध्ये त्यावर स्वररेषा काढता येते. त्यासाठी पायिन (pYIN) नावाचे प्लगइन, म्हणजे जोडून वापरायचे छोटे सॉफ्टवेअर, वेगळे घ्यावे लागते. तंबोऱ्यासह असलेल्या जुन्या मुद्रणांसाठी मी स्वररेषेच्या मागे न लागता त्यातलाच वर्णपट, म्हणजे आवाजातल्या सर्व कंपनसंख्यांचे चित्र, दाखवणारा स्तर लावते. त्यात गळ्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, एकावर एक रेघांनी दिसतात आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, कुठून कुठे गेली हे डोळ्यांना सहज कळते.

याचा सर्वात मोठा उपयोग मला दरबारी कानडा शिकवताना झाला. माझी एक विद्यार्थिनी कोमल गंधारावरचे आंदोलन, म्हणजे स्वराचे संथ झुलणे, घेताना स्वर हलवत होती खरी, पण तो गंधार दरबारीचा वाटत नव्हता. मी तिला अनेकदा गाऊन दाखवले, 'सावकाश घे', 'रिषभाकडून उचल' असे सांगितले; तिला ते कळल्यासारखे वाटे आणि गाताना पुन्हा तेच होई. शेवटी तिचे आणि माझे मुद्रण एकाखाली एक ठेवून तिला दाखवले. तिचे आंदोलन माझ्या जवळजवळ दुप्पट वेगाचे होते आणि ते गंधाराच्या वर-खाली सारखेच झुलत होते. माझी रेघ मात्र रिषभाच्या बाजूने वर येत होती, गंधाराला टेकून पुन्हा खाली उतरत होती आणि वरच्या बाजूला जवळजवळ जातच नव्हती. हा फरक मी इतकी वर्षे गळ्याने दाखवत होते, परंतु शब्दांत इतका नेमका मला कधी सांगता आला नव्हता. तिला तो दोन मिनिटांत उमगला आणि पुढच्या आठवड्यात तिचा गंधार बदललेला होता.

याच विद्यार्थिनीकडून मला या साधनाचा धोकाही कळला. महिनाभराने ती घरी आलेख समोर ठेवून गाऊ लागली. रेघ माझ्या रेघेसारखी आली की तिला समाधान वाटे. ती रेघ खरोखर सुरेख येत होती, पण गाण्यातला ठहराव गेला होता, कारण ती तंबोरा ऐकत नव्हती. पडद्याकडे पाहत होती. तेव्हापासून वर्गात एक नियम केला आहे आणि तो मी कटाक्षाने पाळते. आधी मुद्रण डोळे मिटून दोनदा ऐकायचे, कुठे काय खटकले ते वहीत लिहायचे आणि त्यानंतरच आलेख उघडायचा. गाताना पडदा समोर ठेवायचा नाही. वहीतले निरीक्षण आणि आलेख जुळले की विद्यार्थ्याचा स्वतःच्या कानावरचा विश्वास वाढतो, आणि जुळले नाहीत तर त्यावर बोलायला पुष्कळ काही मिळते.

आलेख वाचताना आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते, आणि ती समजावून न सांगितल्यास नुकसान होऊ शकते. स्वर दाखवणाऱ्या बहुतेक साधनांच्या आडव्या रेघा पियानोच्या पट्ट्यांप्रमाणे, म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग करून आखलेल्या असतात. सप्तक १२०० सेंटचे धरले तर त्यांत शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट जुळली आणि जवारी (घोडीवर तारेखाली दोरा बसवून साधलेली झंकार) चांगली असली की तिच्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो तारेचा पाचवा उपस्वर असतो आणि त्याचे स्थान सुमारे ३८६ सेंटवर असते. एका मुलाने यमनमधला आपला गंधार १४ सेंट कमी येतो म्हणून फार मनाला लावून घेतले होते. खरे तर तो तंबोऱ्याशी उत्तम मिळवून गात होता. पंचमाच्या बाबतीत हा फरक केवळ दोन सेंटचा असल्यामुळे तो कोणाच्या लक्षात येत नाही. गंधार आणि धैवत यांच्या बाबतीत मात्र रेघेला प्रमाण मानले की विद्यार्थी स्वर चढवू लागतो. म्हणून आता मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आधी तंबोऱ्यातला गंधार ऐकवते आणि मगच आलेखातली रेघ दाखवते.

आमच्या सांगलीत स्वर मोजण्याचा हा ध्यास नवा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांच्या गाण्याच्या आधाराने श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांची, मोजदाद करण्याचा प्रयत्न केला होता. हातातील साधने बदलली असली तरी त्यांना पडलेला प्रश्न आजही वर्गात रोज उभा राहतो, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते.

लयीच्या बाजूने सांगायचे तर विलंबित एकतालात समेचे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचे, भान येण्यासाठी सॉनिक व्हिज्युअलायझरची मोठी मदत झाली. मुद्रण वाजत असताना कळ दाबून प्रत्येक मात्रेवर खूण करता येते. एका आवर्तनाच्या बारा खुणा समोर आल्या की मुखडा (समेकडे नेणारी बंदिशीची सुरुवातीची ओळ) नेमका कितव्या मात्रेपासून उचलला आणि समेला घाई झाली का, हे विद्यार्थी स्वतः शोधू लागतो. द्रुत तानांसाठी मी पट्टी, म्हणजे स्वराची उंची, न बदलता वेग कमी करण्याची सोय वापरते. ७० टक्क्यांपर्यंत आवाज चांगला राहतो. त्याखाली गेल्यास तानेतले दाणे एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात, त्यामुळे मी तिथेच थांबते.

पट्टी बदलण्याची सोय मात्र मी जपून वापरते. काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गायलेली बंदिश काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलीला द्यायची तर मुद्रण सात अर्धस्वरांनी वर न्यावे लागते आणि तेवढ्या अंतरात आवाज अनैसर्गिक होतो. लहान मुलींनी तो आवाज ऐकून तसाच गळा लावू नये, असे मला मनापासून वाटते. एक-दोन अर्धस्वरांपुरते ठीक आहे. त्यापुढे मी स्वतः त्यांच्या पट्टीत गाऊन नवे मुद्रण देते.

ऑनलाइन वर्गांविषयी थोडेसे. व्हिडिओ कॉलची सॉफ्टवेअर बोलण्यासाठी बनलेली असल्यामुळे तंबोऱ्याचा अखंड नाद त्यांना पंख्याच्या आवाजासारखा वाटतो आणि तो दाबला जातो. झूममध्ये संगीतकारांसाठी मूळ आवाज तसाच पाठवण्याची सोय आहे. ती चालू करावी आणि दोन्हीकडे हेडफोन लावावेत. आवाज पोहोचायला लागणारा वेळ मात्र कोणत्याही सेटिंगने पूर्ण जात नाही, म्हणून एकत्र गाण्याचा प्रयत्न मी सोडून दिला. तंबोरा आणि तबला विद्यार्थ्याच्या घरी वाजतो. तो त्यांच्याबरोबर गातो आणि माझ्यापर्यंत सगळे एकाच वेळी पोहोचते, त्यामुळे त्याची लय मला बरोबर कळते. मी गाऊन दाखवते तेव्हा तो फक्त ऐकतो. वर्गातही आपण पुष्कळदा असेच शिकवतो, त्यामुळे ही पद्धत लवकर अंगवळणी पडली.

वर्गाचे वेळापत्रक, शुल्क आणि मुद्रणे एकत्र सांभाळणारे एक सशुल्क ॲपही मी मध्यंतरी घेतले होते. वर्षाची वर्गणी संपली त्या दिवशी त्यातली सगळी मुद्रणे बंद झाली आणि ती परत मिळवण्यासाठी पुन्हा पैसे भरावे लागले. त्यानंतर मी सगळे काही माझ्या दोन हार्ड डिस्कवर ठेवते. एकाच माइकवरचे तासाभराचे न दाबलेले (अनकॉम्प्रेस्ड) मुद्रण सुमारे ३२० एमबी होते, त्यामुळे जागेची अडचण येत नाही. फाइलला राग, ताल, पट्टी आणि तारीख या क्रमाने नाव देते. सोबतच्या स्वरलेखनासाठी वेगळा फाँट लागत नाही, हे मला उशिरा कळले. देवनागरी युनिकोडमध्ये वेदपाठासाठीच्या खुणा आहेतच. त्यांतली खालची आडवी रेघ कोमल स्वराला आणि वरची उभी रेघ तीव्र मध्यमाला दिली की भातखंडे पद्धतीचे ग॒, नि॒ आणि म॑ लिहिता येतात; मंद्रासाठी नुक्ता आणि तारसप्तकासाठी अनुस्वार चालतो. काही फोनवर या खुणा जागेवर बसत नाहीत, म्हणून विद्यार्थ्यांना मी पीडीएफ करून पाठवते.

या सर्वांत माझ्या दृष्टीने सर्वात मोलाचे काम झाले ते गुरुजींच्या कॅसेटचे. त्यांच्या तालमीच्या ४१ कॅसेट माझ्याकडे आहेत. त्या ज्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित झाल्या तो आता नाही, आणि प्रत्येक यंत्राचा वेग थोडा वेगळा असतो. संगणकावर घेतल्यावर मारव्याच्या एका तालमीत षड्ज १४४ हर्ट्झच्या आसपास येत होता, म्हणजे काळी एक आणि पांढरी दोन यांच्या दरम्यान. गुरुजींचा आवाजही काहीसा पातळ वाटत होता. ही खरी पट्टी नव्हे एवढे कळत होते, पण किती उतरवायचे हे केवळ आठवणीवरून ठरवायला मन धजत नव्हते.

उत्तर कॅसेटमध्येच होते. त्या खोलीतल्या विजेची बारीक घरघर मुद्रणात आलेली आहे. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असतो, म्हणून ती घरघर ५० हर्ट्झवर किंवा तिच्या पटींमध्ये दिसायला हवी. ऑडॅसिटीमध्ये वर्णपट काढला तेव्हा ती ५२ हर्ट्झवर दिसली. याचा अर्थ कॅसेट चार टक्के जलद चालली होती. अशा वेळी पट्टी बदलण्याची सोय न वापरता वेग बदलण्याची सोय वापरावी, कारण टेपमध्ये वेग आणि स्वर एकत्रच चढलेले असतात आणि ते एकत्रच उतरवले पाहिजेत. तेवढा वेग कमी केल्यावर षड्ज सुमारे १३८.५ हर्ट्झवर आला. ती काळी एक होती. गुरुजी आयुष्यभर काळी एकमध्येच गायले.

ती तालीम दुरुस्त करून ऐकली तेव्हा आवाजातला भरदारपणा परत आला होता, आणि मारव्यातला कोमल रिषभ त्यांनी किती वेळ धरून ठेवला होता हे मला पंचवीस वर्षांनी पुन्हा नीट ऐकू आले. पुढच्या वर्गात मी ती मोठ्या विद्यार्थ्यांना ऐकवली. त्या दिवशी आलेख उघडला नाही. ४१ पैकी २६ कॅसेट आतापर्यंत झाल्या आहेत; दोन कॅसेटमध्ये घरघर इतकी मंद आहे की ती सापडत नाही, आणि त्या मी सध्या तशाच बाजूला ठेवल्या आहेत.