डीएम-३ चा डिले गेला: जुनी एमएन३२०५ शोधायची की नवी व्ही३२०५ लावायची?

डीएम-३ म्हणजे गिटारचा आवाज उशिराने पुन्हापुन्हा ऐकवणारं डिले पेडल. ड्राय सिग्नल (मूळ आवाज) येतोय, रिपीट (मागून येणारे प्रतिध्वनी) येत नाहीत आणि क्लॉकची, म्हणजे ठोके देणारी, एमएन३१०२ चिप ठीक चालतेय, इथपर्यंत तपासून झालं असेल तर संशय बीबीडीवरच जातो, म्हणजे त्या ठोक्यांवर आवाज टप्प्याटप्प्याने पुढे सरकवून उशीर घडवणाऱ्या चिपवर. बॉसच्या डीएम-३ मध्ये (१९८४ ते १९८८) ती मात्सुशिताची एमएन३२०५ असते. तीच जुनी मिळवायची, की कूलऑडिओची आजची व्ही३२०५ बसवायची? माझ्या पेडलसाठी मी दोन्ही करून पाहिलं.

आधी आवाजाचं बोलू. नौपाड्यात माझ्या मित्राकडे डीएम-३ आहे, त्यातली मूळ चिप अजून धडधाकट आहे. एकाच ॲम्पवर दोन्ही पेडल आलटून पालटून वाजवली. मूळ चिपचे रिपीट विरताना जरा मऊ, जरा गढूळ होत जातात, आणि ते फार गोड लागतं. नवीचे किंचित स्वच्छ. बँडमध्ये ड्रम्स सुरू झाले की निदान मला तरी फरक कळत नाही. शिवाय एवढा फरक बायसचा (चिपला लागणाऱ्या स्थिर व्होल्टेजचा) ट्रिमर, म्हणजे बोर्डवरचा जुळणीचा छोटा स्क्रू, थोडा इकडेतिकडे असला तरी पडू शकतो. डिलेच्या लांबीत फरक नाहीच. दोन्हींत ४०९६ टप्पे, म्हणजे ३०० मिलिसेकंदांना क्लॉक साधारण ६.८ किलोहर्ट्झ.

माझा निर्णय झाला तो भरवशावरून. ठाण्याहून दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठला, तिथे खात्रीची एमएन३२०५ हाती लागली नाही. मग ऑनलाइन मागवल्या. छपाई जरा जास्तच कोरी वाटली म्हणून कापसावर ॲसिटोन घेऊन एकीची पाठ पुसली. बोळा काळा झाला आणि अक्षरांखाली घासलेलं प्लास्टिक दिसलं. दुसरीच कुठलीतरी चिप घासून, रंगवून, वर नवं नाव छापलेलं. पुसण्यात टिकली ती लावली, तर रिपीट फाटके. आता दोष कशाचा? चिप अर्धमेली, बायस चुकलेला, की बोर्डवरचा एखादा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेला? चिपचीच खात्री नसेल तर पुढचं निदान करायचं कशाच्या आधारावर? त्यात या जुन्या बोर्डांचे पॅड नाजूक. तीच जागा पुन्हापुन्हा तापवली की तांब्याची पट्टी उचलून येते.

व्ही३२०५ बसवल्यावर हा गुंता सुटला. तिचेही रिपीट आधी फाटकेच आले, पण चिप नवी आहे हे माहीत असल्याने सरळ ट्रिमरकडे वळता आलं, आणि आवाज सुधारला.

तुमच्या पेडलमधली मूळ चिप जिवंत असेल तर तिला हात लावू नका. ओळखीच्या कुणाकडे मोडीत निघालेलं पेडल असेल आणि त्यातली चिप चालताना तुम्ही स्वतः ऐकली असेल, तर ती जरूर घ्या, तिला तोड नाही. एरवी मी नवीच सुचवेन, अर्थात ज्याची त्याची आवड. काहीही निवडा, पण आधी आठ पायांचा आयसी बेस (चिप खोचायचं सॉकेट) सोल्डर करून घ्या, म्हणजे बोर्ड एकदाच तापेल. चिप बदलली की बायस नव्याने लावावाच लागतो. ऑसिलोस्कोप नसेल तर गिटार जोरात वाजवत ट्रिमर हळूहळू फिरवा. दोन्ही टोकांना आवाज फाटतो किंवा बंद पडतो, त्यांच्या मधोमध जिथे सर्वांत साफ येईल तिथे थांबा.