शंभराची, साडेतीनशेची की कंपनीची? चार्जिंग केबल घेण्याआधी

कोल्हापुरात महाद्वार रोडवर गाड्यावर टाईप सी केबल शंभर रुपयांत मिळते. राजारामपुरीतल्या दुकानात नायलॉनची वीण असलेली साधारण साडेतीनशेला पडते आणि फोन कंपनीची स्वतःची घ्यायची तर सातशेपासून दीड हजारापर्यंत खिसा हलका होतो. तिन्ही फोनला लावल्या की विजेचं चिन्ह सारखंच दिसतं. फरक असतो तो रबराच्या आत आणि मानेपाशी. मान म्हणजे पिनेतून वायर बाहेर येते तो दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा. केबल मरते ती बहुतेक वेळा इथंच.

आधी आतली तार

पाकिटावर कधी कधी २८/२४ असे आकडे असतात. पहिला आकडा डेटाच्या तारांचं गेज, म्हणजे जाडीचं माप, दुसरा वीज वाहणाऱ्या तारांचं. आकडा जितका लहान, तार तितकी जाड. हा हिशोब दिसायला किरकोळ, पण सगळं गणित इथंच फिरतं. २८ गेजच्या एक मीटर केबलमध्ये जाण्यायेण्याची मिळून विजेला सुमारे ०.४३ ओहम अडथळा असतो. त्यातून २ अँपिअर न्यायचे म्हटलं तर ५ व्होल्टमधले ०.८५ व्होल्ट वाटेतच उष्णता होऊन जातात. मग फोन आपणहून करंट कमी करतो, आणि आपण चार्जरला शिव्या घालतो. तेच २४ गेजमध्ये ०.३४ व्होल्ट जातात, २२ गेजमध्ये ०.२१. केबल दोन मीटरची घेतली की हे आकडे दुप्पट. म्हणून शंभराची दोन मीटरची केबल हा सगळ्यात वाईट सौदा. लांब हवीच असेल तर पैसे जाड तारेला द्यायचे.

गाड्यावरच्या केबलचं दुसरं दुखणं म्हणजे तांबं. काहींत आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ मुलामा असतो. विजेला अडथळा शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि वाकवून वाकवून तार लवकर तुटते. मेलेली केबल टाकण्याआधी एकदा कापून बघा. तारेचा एक केस ब्लेडनं खरवडा. वरून लाल आणि आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. उलट, वरून चंदेरी आणि आतून लाल असेल तर ते कल्हई केलेलं तांबं, म्हणजे चांगला माल. पुढच्या वेळी कुठली घ्यायची नाही ते तिथंच कळतं.

मान, वीण आणि रबर

२८ गेजच्या तारेत बहुधा सात बारीक केस असतात, प्रत्येक जेमतेम ०.१३ मिलिमीटरचा. फोन चार्जिंगला लावून अंथरुणात उताणं पडून बघत बसलात की पीन छातीला टेकते आणि मान काटकोनात मोडते. एकेक केस तुटत जातो. उरलेल्या तीन-चार केसांवर सगळा भार आला की मान गरम लागते, चार्जिंग मंदावतं, आणि शेवटी ‘अशी धरली की होतंय’ ही अवस्था येते. गरम मानेची केबल वापरत राहू नये, आणि उशीखाली तर मुळीच नको.

वीण असलेली केबल या बाबतीत थोडी फसवी आहे. वरचा अंगरखा मजबूत, त्यामुळे ओढाताण आणि घासणं चांगलं सोसते. पण आत तार तुटली तरी बाहेरून पत्ता लागत नाही. वीण पिनेच्या टोपणात घट्ट दाबून बसवलेली असेल तरच तिचे पैसे द्यावेत. नुसती चिकटवलेली असेल तर ती मागं सरकते आणि मान उघडी पडते. साधं पीव्हीसी उन्हातान्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर, कडक होतं आणि चिरतं. सिलिकॉनचं आवरण हाताला छान, गुंता होत नाही, फक्त धूळ ओढून घेतं.

काउंटरवर दोन गोष्टी करा. सारख्या लांबीच्या दोन केबल तळहातावर तोलून बघा, तांबं वजनाला लपत नाही. मग मान हळूच वाकवा. चांगली मान धनुष्यासारखी वळते, हलकी एकाच जागी घडी पडून मोडते.

कुणी कुठली घ्यावी

१८ ते २५ वॅटच्या साध्या फास्ट चार्जिंगचा फोन असेल तर साडेतीनशेची, ३ अँपिअरची, एक मीटरची केबल घ्या आणि विषय संपवा. शंभराची तीन महिन्यांत गेली तर महिन्याला तेहतीस रुपये पडले. साडेतीनशेची दीड वर्ष टिकली तर वीससुद्धा नाहीत. उलट बाजूही खरी आहे: मान मोडायची सवय तीच राहिली तर महागडीही चार महिन्यांत जाईल.

कंपनीच्या केबलचे पैसे तिथंच वसूल होतात जिथं फोनचं फास्ट चार्जिंग कंपनीचं स्वतःचं आहे. ओप्पोचं ६५ वॅटचं सुपरवूक १० व्होल्टवर ६.५ अँपिअर पाठवतं. बाजारातली ३ अँपिअरची केबल तो भार घेत नाही आणि फोन साध्या वेगावर उतरतो. सॅमसंगच्या ४५ वॅटला ५ अँपिअरची सी-टू-सी, म्हणजे दोन्ही टोकांना टाईप सी पीन असलेली, लागते. अशा केबलच्या पिनेत ई-मार्कर नावाची चिप असते आणि पाकिटावर १०० किंवा २४० वॅट लिहिलेलं असतं. त्याच कंपनीच्या २५ वॅटला मात्र ३ अँपिअरची पुरते, तिथं जादा पैसे घालू नका.

एक ए-टू-सी केबल, म्हणजे चार्जरकडं जुनी चपटी यूएसबी पीन आणि फोनकडं टाईप सी, घरात असू द्या. काही स्वस्त नेकबँड आणि ट्रिमर सी-टू-सीवर चार्जच होत नाहीत. आपण कोण आहोत हे चार्जरला सांगणारे रेझिस्टर त्यांच्यात बसवलेलेच नसतात.

तीन तोंडांची केबल प्रवासात ठीक, वेगाची अपेक्षा नको.

चुंबकी केबलचं, म्हणजे जिचं टोक चुंबकानं चिकटतं तिचं, मात्र स्पष्ट सांगायला हवं. उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत लेथवर, फौंड्रीत काम करणाऱ्यांनी ती घेऊच नये. हवेत आणि कपड्यांवर लोखंडाचा बारीक चुरा असतो, तो चुंबकाला चिकटतो, उघड्या टोकांमध्ये पूल बांधतो आणि पीन जळते.

पावसाळ्यातली गोष्ट

ए-टू-सी केबल चार्जरला लावून खटका चालू ठेवला की फोन नसतानाही तिच्या टोकाला ५ व्होल्ट असतात. जून ते सप्टेंबर इथली ओल, त्यात खिडकीजवळ लोंबणारी पीन. ओलाव्यात वीज मिळाली की सोन्याचा मुलामा खाल्ला जातो आणि मधल्या टिकल्या काळ्या-हिरव्या पडतात. तीच पीन मग फोनच्या सॉकेटचीही वाट लावते. नीट बनवलेला सी-टू-सी चार्जर समोर फोन ओळखल्याशिवाय वीज सोडतच नाही, त्यामुळे हा त्रास कमी. ए-टू-सी वापरत असाल तर खटका बंद करा. मोटरसायकलवरच्या चार्जरला तीस सेंटिमीटरची आखूड केबल लावा आणि पाऊस आला की काढून खिशात टाका.

मेली हे कसं ठरवायचं

बॅटरी २० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असताना, स्क्रीन बंद ठेवून, त्याच चार्जरवर दोन केबल दहा-दहा मिनिटं लावून टक्के बघा. ८० च्या पुढं फोन स्वतःच वेग कमी करतो, तिथली तुलना फुकट. दोन्ही केबल सारख्याच सैल बसत असतील, ‘टक’ असा आवाज येत नसेल, तर दोष बहुधा केबलचा नाही. सॉकेटच्या तळाशी खिशातला कापूस दाबून बसलेला असतो. फोन बंद करा, लाकडी टूथपिक घ्या, कडेनं हळूहळू उकरा. मधल्या पट्टीला हात लावायचा नाही, आणि सुई किंवा टाचणी तर अजिबात घालायची नाही.