स्टिकरखाली बारकोड निघाला

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझे ६९ हजार रुपये गेले. जॅझच्या जुन्या रेकॉर्ड घेताना गेले, आणि ते नेणारा माणूस अजून गोव्यातच हाच धंदा करतोय. म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मी फोंड्याचा. घरात भजन आणि नाट्यसंगीत. जॅझ कानावर पडलं ते कॉलेजात असताना, पणजीच्या एका मित्राकडे, आणि मग सुटलं नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तिच्यात केसरबाई केरकर आहेत आणि लुई आर्मस्ट्राँगही आहे, हे कळलं त्या रात्री मला झोप आली नव्हती. केसरबाई आमच्या केरीच्या. आणि ज्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत तो चिक चॉकलेटही गोव्याचाच, हळदोण्याचा. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईत ताजमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, सी. रामचंद्रांबरोबर काम करायचा. १९५१च्या ‘अलबेला’त तो पडद्यावरही दिसतो. त्याच्या बँडची ७८ फेऱ्यांची एक तरी तबकडी आपल्याकडे असावी, ही माझी फार जुनी इच्छा. भेटेल त्याला मी ती बोलून दाखवायचो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात, रेकॉर्ड दिसली की आधी हाच प्रश्न.

त्यातल्याच कुणाकडून तरी माझा नंबर पैसे नेणाऱ्या त्या माणसाकडे गेला असणार.

फोन आला तो मे महिन्यात. बोलणं अतिशय मऊ. बार्देशात आजोबांचं जुनं घर आहे, भावंडं सगळी लंडनला, घर विकायचंय, आजोबा चिकच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे, त्यांच्या रेकॉर्डच्या दोन पेट्या आहेत. ‘पात्रांव, भंगारवाल्याला द्यायला जीव होत नाही. कदर करणाऱ्याच्या हातात जाऊ देत.’ या एका वाक्यावर मी विरघळलो. आज आठवलं तरी राग येतो, कारण त्याला माझी इच्छा माहीत होती आणि त्याने तिच्याच मापाचे आजोबा तयार केले.

घर खरंच जुनं होतं. बलकांव म्हणजे पुढचा बसायचा व्हरांडा, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, भिंतीवर ट्रम्पेटवाल्यांचा एक काळापांढरा फोटो. त्याने एक पेटी उघडली. वर तीन एलपी वेगळ्या काढून ठेवलेल्या: जॉन कोल्ट्रेनची ‘ब्लू ट्रेन’, माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ आणि सॉनी रोलिन्सची एक. तिन्ही पहिल्या छपाईच्या, आजोबांनी बोटीवरच्या खलाशाकडून मागवलेल्या, असं म्हणाला. ‘ब्लू ट्रेन’ त्याने तिथेच लावून दाखवली. आवाज स्वच्छ, खरखर जवळजवळ नाही. मी खूश झालो. खरं तर तिथेच थबकायला हवं होतं. गोव्याच्या दमट हवेत साठ-पासष्ट पावसाळे काढलेली रेकॉर्ड अशी वाजत नाही. कव्हरला बुरशीचे ठिपके पडतात, कड फुगते, आतल्या कागदी पिशवीचा वास येतो. इथे कसलाच वास नव्हता.

तिघींचे ५४ हजार सांगितले, रोख. अस्सल पहिल्या छपाईची एकटी ‘ब्लू ट्रेन’ परदेशात याहून कितीतरी महाग जाते, हे मला माहीत होतं. म्हणजे भाव स्वस्त आहे हेही कळत होतं, आणि ते मी नशीब समजलो. चिकची तबकडी दुसऱ्या पेटीत, ती पेटी मडगावला बहिणीकडे. तिचा फोटो त्याने मोबाइलवर पाठवला. तबकडीच्या कडेला एक छोटा टवका उडालेला. आगाऊ म्हणून १५ हजार मी यूपीआयने दिले. ‘देव बरें करूं,’ म्हणाला आणि मला गाडीपर्यंत सोडायला आला.

दुसरी पेटी आली नाही. आधी बहीण आजारी, मग घाटात दरड, मग फोन बंद.

तोपर्यंत मला पहिल्या तीन रेकॉर्डबद्दल शंका आली नव्हती. ती आणली म्हापशाच्या माझ्या एका जुन्या मित्राने. तो तीस वर्षं रेकॉर्ड जमवतो. रविवारी घरी आला, ‘ब्लू ट्रेन’ वाजवली नाहीच. टेबलावरच्या दिव्याखाली तिरकी धरली आणि लेबल नि शेवटची खाच यांच्यामधली मोकळी गुळगुळीत पट्टी बघत बसला. बराच वेळ. मग म्हणाला, ‘कान कुठे आहे रे?’

हे प्रत्येकाने नीट समजून घ्या. ‘ब्लू ट्रेन’ काढणाऱ्या ब्लू नोट कंपनीच्या १९६६पर्यंतच्या तबकड्या प्लॅस्टिलाइट नावाच्या कारखान्यात दाबल्या जात. त्या कारखान्याची खूण या पट्टीत कोरलेली असे. ती मुळात इंग्रजी ‘पी’, पण दिसते कानासारखी. शिवाय ध्वनिमुद्रण करणाऱ्या रूडी व्हॅन गेल्डरची ‘आरव्हीजी’ ही अक्षरं. ही अक्षरं नंतरच्या काही छपायांतही सापडतात, तेव्हा नुसत्या त्यांच्यावर विसंबू नका. कान हवाच. माझ्या तबकडीत यातलं काही नव्हतं. यंत्राने कोरलेला एक लांबलचक, नेटका नंबर तेवढा होता.

‘काइंड ऑफ ब्लू’ची परीक्षा आम्ही पेटीवर घेतली, हार्मोनियमवर. मूळ ध्वनिमुद्रणात पहिल्या बाजूच्या सत्रात एक टेपयंत्र किंचित सावकाश चाललं होतं. ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतो, म्हणून १९५९पासून निघालेल्या रेकॉर्डमध्ये पहिली बाजू थोडी चढी वाजते. १९९२मध्ये ते दुरुस्त झालं. मी आधी दुसरी बाजू लावून पेटीचा सूर जुळवून पाहिला, मग पहिली. दोन्ही बाजू पेटीशी सारख्याच जुळल्या. फरक फार बारीक असतो, पण भजनाला पेटी धरणाऱ्याच्या कानाला कळतो. १९५९ची म्हणून घेतलेली रेकॉर्ड १९९२च्या नंतर निघालेली होती.

मग मित्राने कव्हर उलटं केलं. मागे खालच्या कोपऱ्यात मुंबईतल्या एका जुन्या दुकानाचा पिवळट किमतीचा स्टिकर होता. मला तर त्याचंच अप्रूप वाटलं होतं. बायकोचा हेअर ड्रायर आणला, कोमट हवा दिली आणि नखाने कड उचलली. स्टिकर हळूहळू सुटत गेला आणि खालून एकेक काळी रेघ बाहेर यायला लागली. बारकोड. दुकानात बारकोड वाचायला सुरुवातच झाली १९७४ साली. तिन्ही कव्हरांवर तसाच स्टिकर, त्याच जागी.

या रेकॉर्ड बेकायदा नव्हत्या, हे मित्राने सांगितलं. युरोपात १९६३च्या आधी निघालेल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क संपलेत, त्यामुळे तिथल्या कितीतरी कंपन्या हे जुनं जॅझ नव्याने काढतात. स्वस्त असतात, ऐकायला वाईटही नसतात. दीड-दोन हजारांना मी त्या आनंदाने घेतल्या असत्या. फसवणूक त्या स्टिकरमध्ये आणि त्या आजोबांमध्ये होती.

त्या घरी परत गेलो. राखणदार म्हणाला, घर आठवड्याच्या भाड्याने देतात, मे महिन्यात कोण होतं ते विचारायचं तर मालक परदेशात. १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली तेव्हा तीन आठवडे उलटून गेले होते. १५ हजार केव्हाच दुसऱ्या खात्यांत पांगलेले. तुमच्यावर अशी वेळ आली तर त्याच तासाला फोन करा, एक दिवसही वाट बघू नका. रोख ५४ हजारांचा तर पुरावाच नाही, पावती मी मागितली नव्हती. आजोबांच्या आठवणी विकणाऱ्याकडे पावती मागायची मला लाज वाटली.

चिकच्या तबकडीचा तो फोटो मी नंतर इंटरनेटवर शोधून पाहिला. परदेशातल्या एका जुन्या लिलावात तोच फोटो निघाला, कडेचा टवकासुद्धा त्याच जागी. हे शोधायला मला दोन मिनिटं लागली.

गेल्या महिन्यात डिचोलीच्या एका मुलाचा फोन आला. नुकताच ऐकायला लागलाय, उत्साहात होता. सासष्टीत एक जुनं घर विकतायत, आजोबा चिकच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे, आगाऊ दहा हजार मागतात, घेऊ का? मी म्हटलं, फोटो पाठव. टवका होता. त्याला सांगितलं, पैसे देऊ नकोस, आधी लेबलाजवळच्या पट्टीचा जवळून काढलेला फोटो मागव, आणि तबकडीशेजारी आजचं वर्तमानपत्र ठेवून दुसरा. त्याने मागितले. संध्याकाळी त्याचा मेसेज आला: ‘काका, त्यांनी मला ब्लॉक केलं.’