मुलाची भेट: संमतीच्या अटी की अर्जावर आदेश?

मूल जोडीदाराकडे आहे, भेट मिळत नाही. कौटुंबिक न्यायालयात मग दोन वाटा उरतात: समुपदेशकापुढे बसून संमतीच्या अटी लिहायच्या, नाहीतर अंतरिम अर्ज (मुख्य खटल्याचा निकाल लागेपर्यंतच्या सोयीसाठीचा) लढवून आदेश घ्यायचा. कसोटी दोन्हीकडे मुलाच्या हिताचीच.

लढवलेल्या अर्जात समोरच्याचं म्हणणं येतं, प्रतिज्ञापत्रं येतात, तारखा पडतात. एकमेकांवरचे आरोप कायमचे कागदावर जातात. इतकं होऊन पहिल्यांदा हाती येते ती बहुतेकदा न्यायालयाच्या आवारातली तास-दोन तासांची भेट. खेळण्यांना हात लावायच्या आधी मूल दाराकडे बघतं, बाहेर उभ्या आईला चाललंय ना म्हणून. त्यातच वेळ सरतो. तरीही मारहाण होत असेल, मूल परदेशी नेण्याची भीती असेल किंवा समोरचा बोलायलाच तयार नसेल, तर आदेशच मागा.

संमतीत गणपती, दिवाळी, वाढदिवस, मे महिन्याची सुट्टी सगळं वाटून घेता येतं. मूल मुक्कामाला येऊ शकतं. घात होतो तो सैल शब्दांनी. ‘महिन्यातून दोनदा, दोघांच्या सोयीने’ असं लिहिलंत की दर वेळी सोयीवरूनच भांडण. त्याऐवजी लिहा: दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी १० ला सोसायटीच्या गेटवरून न्यायचं, रविवारी संध्याकाळी ६ ला तिथेच सोडायचं, मूल आजारी पडलं तर पुढच्या शनिवारी बदली भेट.

या अटी न्यायालयात दाखल होऊन त्यांवर आदेश झालाच पाहिजे. नुसत्या स्टॅम्पपेपरवरच्या करारावर अंमलबजावणीचा अर्ज चालत नाही. आणखी एक: १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ प्रमाणे संमतीने झालेल्या आदेशावर किंवा हुकूमनाम्यावर अपील नाही. मात्र मूल मोठं झालं, शाळा किंवा गाव बदललं, तर अटी बदलून मागता येतात. ताब्याचे आदेश कायमचे नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच रोझी जेकब खटल्यात सांगितलंय.

माझं स्पष्ट मत: अर्ज आधी दाखल करा आणि तो प्रलंबित असतानाच समुपदेशकाकडे मनापासून बसा. त्याच कायद्याच्या कलम ९ प्रमाणे समेटाचा प्रयत्न न्यायालयाला करावाच लागतो. पोटगी मात्र भेटीसाठी अडवू नका, तो विषय वेगळा आहे. दुसऱ्या शहरात राहत असाल तर व्हिडिओ कॉल आवर्जून मागा. यशिता साहू खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताबा नसलेल्या पालकाला रोज ५ ते १० मिनिटं बोलता यावं असं म्हटलंय. कॉल किती वाजता, कोणत्या नंबरवर, तेही अटींत घाला.